यादीची पहिली ओळ

प्रस्तावना

लग्नकार्य असो वा लांबचा प्रवास, घराबाहेर पडण्यापूर्वी आपण सामानाची यादी करतो. ही गोष्ट इतकी साधी आहे की तिच्याविषयी वेगळा विचार करावा असे सहसा कोणाला वाटत नाही. परंतु हीच साधी यादी शस्त्रक्रियागृहात, रुग्णाचे प्राण धोक्यात आलेले असताना, अत्यंत अनुभवी डॉक्टरांच्याही उपयोगी पडते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. ज्ञान असूनही माणसाच्या हातून चूक का होते? संकटाच्या क्षणी कागदाचा एक तुकडा कोणते काम करतो? आणि कोणते काम तो करू शकत नाही? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला –
• पडताळणी-यादी म्हणजे काय, हे सांगता येईल;
• शस्त्रक्रियेपूर्वीची यादी आणि संकटकाळची यादी यांतील फरक स्पष्ट करता येईल;
• यादीचे सामर्थ्य व तिच्या मर्यादा उदाहरणांसह लिहिता येतील;
• सूचनापर लेखनाची भाषा ओळखता येईल व तसे लेखन करता येईल.

मूळ पाठ

१. गोल बाजारातील पर्ची

लग्नसराईचे दिवस आले की रायपूरच्या गोल बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. भांडी, पूजासाहित्य, मसाले, जडीबुटी, वधूवरांचे साज अशा नाना वस्तूंची दुकाने येथे एकमेकांना खेटून उभी आहेत. अशाच एका दुपारी तात्यापाऱ्यातील एक आजी आपल्या नातीला घेऊन लग्नाच्या खरेदीसाठी आल्या होत्या. आजींनी घरातील पाच लग्ने पार पाडली होती. कोणत्या विधीला काय लागते, हे त्यांना झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. तरीही त्यांच्या हातात एक लांबलचक पर्ची होती.

"आजी, तुला तर सगळं तोंडपाठ आहे. मग ही पर्ची कशाला?" नातीने विचारले.

"तोंडपाठ आहे, म्हणूनच भीती वाटते गं," आजी म्हणाल्या. "पाठ असलेलं कधी निसटतं ते कळतसुद्धा नाही. माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नात सगळं होतं, अंतरपाट तेवढा नव्हता. मुहूर्ताची वेळ आली आणि मग शोधाशोध! शेवटी कोणाचं तरी उपरणं धरलं."

दुकानदाराने पर्ची हातात घेतली. तो एकेक नाव मोठ्याने वाचू लागला. "हळकुंड?" आतून दुकानातला पोऱ्या उत्तर देई, "रख दिया." मग दुकानदार त्या नावापुढे पेनाने खूण करी. "सुपारी?" "रख दिया." "कापूर?" आतून क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग पोऱ्या म्हणाला, "कपूर नहीं रखा, भैया." पिशवी बांधण्यासाठी उचललेली सुतळी दुकानदाराने खाली ठेवली.

या छोट्या प्रसंगात तीन गोष्टी घडल्या. जे पाठ होते ते कागदावर उतरवले गेले. एकाने वाचले आणि दुसऱ्याने उत्तर दिले. आणि दुकानातल्या सर्वांत लहान माणसाच्या एका वाक्याने पुढचे काम थांबले. गोल बाजारात कापूर राहिला असता तर फार तर एक हेलपाटा पडला असता. परंतु याच बाजारापासून थोड्याच अंतरावर दाऊ कल्याणसिंह रुग्णालयाची वास्तू आहे. अशा कोणत्याही रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात एखादी गोष्ट राहून गेली, तर ती आणण्यासाठी परत जाण्याइतका वेळ मिळेलच असे नाही. या तीन गोष्टींचे खरे मोल तेथे कळते.

२. विमानाकडून आलेला धडा

वस्तू आणण्याची यादी आणि कृती पडताळण्याची यादी यांत थोडा फरक आहे. पहिली यादी 'काय हवे' हे सांगते. दुसरी 'काय केले आणि काय राहिले' हे विचारते. या दुसऱ्या प्रकारच्या यादीला पडताळणी-यादी किंवा प्रचलित शब्दात चेकलिस्ट म्हणतात. तिचे महत्त्व प्रथम वैमानिकांना पटले, आणि तेही एका अपघातानंतर.

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन शहराजवळच्या राईट फील्ड येथे बोइंग कंपनीच्या 'मॉडेल २९९' या नव्या चार इंजिनांच्या विमानाची चाचणी होती. विमान चालवणारे मेजर प्लॉयर हिल हे कसलेले वैमानिक होते. विमानाने उड्डाण केले, ते झपाट्याने वर चढले आणि लगेच खाली कोसळले. दोघांना प्राण गमवावे लागले. हिल हे त्यांपैकी एक. चौकशीअंती असे दिसून आले की यंत्रात कोणताही बिघाड नव्हता. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाचे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून एक कळ अडकवलेली असते. ती कळ उड्डाणापूर्वी सोडायची राहून गेली होती.

यावर वैमानिकांना आणखी दीर्घ प्रशिक्षण द्यावे, असे म्हणता आले असते. पण हिल यांच्याहून अधिक अनुभवी वैमानिक आणायचे कोठून? म्हणून वेगळा मार्ग निघाला. उड्डाणापूर्वी, उड्डाण करताना आणि उतरताना करावयाच्या कृतींच्या छोट्या याद्या तयार झाल्या. विमान आता एका माणसाच्या स्मरणशक्तीला पेलण्यापलीकडे गेले आहे, ही कबुली त्या याद्यांमागे होती. अशी कबुली देण्यात कमीपणा नाही, हे मान्य व्हायला इतर क्षेत्रांना मात्र बराच काळ लागला.

पाठगत प्रश्न १
(अ) पर्चीतील वस्तू पाठ असूनही आजींना ती का हवी होती?
(आ) 'मॉडेल २९९' या विमानाच्या अपघाताचे कारण काय होते?

३. उटी ते जिनिव्हा

ही कबुली शस्त्रक्रियागृहात आणण्याच्या कामी ज्यांनी पुढाकार घेतला, त्यांत डॉ. अतुल गावंडे यांचे नाव प्रमुख आहे. गावंडे घराणे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळच्या उटी या गावचे. आजोबा सीताराम गावंडे शेतकरी. वडील आत्माराम शिकून डॉक्टर झाले, अमेरिकेत गेले आणि ओहायो राज्यातील अथेन्स या लहान गावी त्यांनी वैद्यकीय व्यवसाय केला. अतुल यांच्या आईही डॉक्टर. गावाशी असलेला संबंध आत्माराम यांनी तुटू दिला नाही. उमरखेडचे महाविद्यालय आज गोपिकाबाई सीताराम गावंडे या नावाने ओळखले जाते.

अतुल गावंडे यांचा जन्म १९६५ सालचा. शल्यचिकित्सेचे शिक्षण पूर्ण झाल्यावर २००३ साली ते भारतातील रुग्णालये पाहण्यासाठी आले. त्या वेळी पाहिलेल्या नांदेडच्या शासकीय रुग्णालयाचे वर्णन त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात केले आहे. सुमारे ५०० खाटा, शेकडो गावांतून येणारे रुग्ण आणि अवघे नऊ शल्यचिकित्सक, अशी तेथली स्थिती होती. तरीही दुपारी रुग्णालयासमोरच्या हॉटेलात चहासाठी जमले की हे डॉक्टर एकमेकांना दिवसभरातील अवघड रुग्णांविषयी सांगत, विचारत आणि शिकत, असे गावंडे यांनी नोंदवले आहे. कौशल्य एकट्याचे असते. परंतु ते वाढते चारचौघांच्या बोलण्यातून, ही गोष्ट त्यांच्या मनात येथे ठसली असावी.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित कशा करता येतील, हा प्रश्न हाती घेतला. त्या वेळच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २३ कोटी ४० लाख मोठ्या शस्त्रक्रिया होत होत्या. या कामासाठी २००७ च्या आरंभी जिनिव्हा येथे तज्ज्ञांची बैठक झाली. गावंडे यांच्या नेतृत्वाखालील गटाने जी योजना आखली, तिच्यात नवे यंत्र नव्हते की नवे औषध नव्हते. होती ती १९ मुद्द्यांची, एका पानाची यादी. २५ जून २००८ रोजी ती जाहीर झाली.

या यादीनुसार शस्त्रक्रियेत तीन ठिकाणी थांबायचे असते. पहिला थांबा भूल देण्यापूर्वी : रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रिया कोणत्या भागावर करायची, रुग्णाला कशाची ॲलर्जी आहे का, रक्तातील प्राणवायू मोजणारे उपकरण चालू आहे का? दुसरा थांबा त्वचेला छेद देण्यापूर्वी : सर्वांनी आपले नाव व काम सांगितले का, जंतुसंसर्ग टाळणारे प्रतिजैविक गेल्या ६० मिनिटांत दिले का, किती रक्तस्राव होण्याची शक्यता आहे? तिसरा थांबा रुग्णाला शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वी : अवजारे, सुया आणि कापसाचे बोळे मोजून पुरे भरले का?

आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहण्यात आली. त्यांत लंडन, टोरांटो, सिॲटल यांसारख्या संपन्न शहरांबरोबर टांझानियातील इफाकारा हे छोटे गाव होते आणि आपल्या नवी दिल्लीतील सेंट स्टीफन्स रुग्णालयही होते. जानेवारी २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यादी येण्यापूर्वी १,००० रुग्णांमागे १५ मृत्यू होत होते; यादीनंतर ही संख्या ८ झाली. गंभीर गुंतागुंत होणाऱ्यांची संख्या १,००० मागे ११० वरून ७० वर आली.

४. एका शल्यचिकित्सकाची कबुली

यादी इतरांसाठी आहे, आपल्याला तिची गरज नाही, असे प्रत्येक जाणत्या माणसाला वाटते. खुद्द गावंडे यांनाही तसेच वाटले होते. स्वतःच्या शस्त्रक्रियागृहात त्यांनी यादी वापरायला घेतली ती, 'दुसऱ्यास सांगे ब्रह्मज्ञान' असे होऊ नये म्हणून. आपल्याला तिचा काही उपयोग होईल अशी अपेक्षा त्यांना नव्हती. त्यानंतर जे घडले ते त्यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात कोणताही आडपडदा न ठेवता लिहिले आहे.

मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीतील गाठ काढण्याची ती शस्त्रक्रिया होती. अशा शस्त्रक्रिया गावंडे यांनी पूर्वी अनेकदा केल्या होत्या. आरंभी यादी वाचली गेली, तेव्हा रुग्णासाठी राखून ठेवावयाचे रक्त तयार नाही, असे परिचारिकेच्या लक्षात आले. तिने रक्तपेढीकडे पाठपुरावा करून चार पिशव्यांची व्यवस्था केली. काम सुरू झाले, आणि गाठ सोडवताना गावंडे यांच्या हातून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी नीला फाटली. क्षणात पोटात रक्ताचा लोंढा आला. रुग्णाचे हृदय बंद पडले.

पुढचा काही काळ शस्त्रक्रियागृहातील प्रत्येक जण धावत होता. रुग्णाला सुमारे तीस पिशव्या रक्त द्यावे लागले. अखेर नीला शिवली गेली आणि रुग्ण वाचला. मात्र त्याच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. गावंडे यांनी दोष स्वतःकडे घेतला आहे. चूक यादीमुळे टळली नाही. परंतु चूक झाल्यानंतर पहिल्या काही मिनिटांत जे रक्त हाताशी होते, ते यादीमुळे होते. ते नसते तर रुग्ण टेबलावरच गेला असता. आणखी एक गोष्ट त्यांना जाणवली. सकाळी एकमेकांची नावे सांगून कामाला लागलेली ती माणसे संकटात एका जिवाने वागली.

पाठगत प्रश्न २
(अ) सुरक्षित शस्त्रक्रियेच्या यादीतील तीन थांबे कोणते?
(आ) 'चूक यादीमुळे टळली नाही', तरीही यादीचा उपयोग कसा झाला?

५. संकट कोसळते तेव्हा

आतापर्यंत पाहिलेली यादी संकट येण्यापूर्वी वाचायची असते. पण संकट आल्यावर काय? शस्त्रक्रिया चालू असताना हृदय बंद पडणे, श्वासमार्ग हाती न लागणे, अचानक रक्तस्राव होणे, औषधाची तीव्र प्रतिक्रिया येणे, शस्त्रक्रियागृहात आग लागणे अशा घटना वारंवार घडत नाहीत. नेमकी हीच त्यांची अडचण आहे. जे रोज घडते ते हाताला सवयीने येते. जे दहा वर्षांतून एकदा घडते ते पुस्तकात वाचलेले असते, परीक्षेत लिहिलेले असते, आणि ऐनवेळी आठवत नाही. भीतीने मन एकाच गोष्टीला चिकटून बसते. डॉक्टर एक उपाय पुन्हा पुन्हा करत राहतो आणि दुसरा उपाय समोर असूनही दिसत नाही.

उदाहरणार्थ, भुलेच्या काही वायूंमुळे क्वचित एखाद्या रुग्णाचे स्नायू ताठरतात, नाडी धावू लागते आणि शरीराचे तापमान वेगाने वाढते. ही स्थिती इतकी विरळ आहे की अनेक भूलतज्ज्ञांना ती आयुष्यात एकदाही पाहायला मिळत नाही. तिच्यावरील औषधाचे नाव डॅन्ट्रोलीन. मात्रा, वजनाच्या दर किलोला २.५ मिलिग्रॅम. म्हणजे ७० किलो वजनाच्या रुग्णाला १७५ मिलिग्रॅम. जुन्या पद्धतीच्या एका कुपीत २० मिलिग्रॅम भुकटी असते आणि ती ६० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवावी लागते. याचा अर्थ, भुलेचा वायू बंद करणे, शुद्ध प्राणवायू देणे, शरीर थंड करणे ही कामे चालू असतानाच कोणाला तरी एकामागून एक नऊ कुप्या तयार कराव्या लागतात. हा हिशेब मनात करण्याची ती वेळ नसते, आणि हे काम एकट्याचेही नसते.

यासाठी गावंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बारा संकटांच्या याद्या तयार केल्या. एका संकटाला एक पान, ठळक अक्षरे, क्रमवार कृती आणि कडेला औषधांच्या मात्रा. या याद्यांचा खरा उपयोग होतो का, हे जिवंत रुग्णावर तपासणे शक्य नव्हते. म्हणून हुबेहूब उभारलेल्या शस्त्रक्रियागृहात, यांत्रिक पुतळ्याला रुग्ण मानून प्रयोग झाले. १७ पथकांनी एकूण १०६ प्रसंग हाताळले; काही यादीसह, काही केवळ स्मरणावर. जानेवारी २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. प्राण वाचवण्यासाठी आवश्यक अशा कृतींपैकी यादी नसताना २३ टक्के कृती राहून गेल्या. यादी असताना केवळ ६ टक्के. 'तुम्ही स्वतः रुग्ण असाल आणि असे संकट आले, तर डॉक्टरांनी यादी वापरावी असे वाटते का?' या प्रश्नाला ९७ टक्के सहभागींनी 'होय' असे उत्तर दिले.

संकटकाळची यादी लहानच असली पाहिजे, याचेही एक बोलके उदाहरण आहे. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या एका विमानावर पक्ष्यांचा थवा आदळला आणि दोन्ही इंजिने निकामी झाली. चेस्ली सलेनबर्गर यांनी विमानाचे सुकाणू हाती घेतले; सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांनी इंजिन पुन्हा सुरू करण्याची यादी उघडली. मात्र ती यादी वीस हजार फुटांवरील उंची गृहीत धरून लिहिलेली होती. हे विमान जेमतेम तीन हजार फुटांच्या आसपास होते. स्काइल्स यांना यादीचा सुमारे एक तृतीयांश भागच पुरा करता आला, तोवर नदी जवळ आली होती. विमान हडसन नदीच्या पाण्यावर उतरले आणि सर्वच्या सर्व १५५ जण वाचले. एकाने विमान सांभाळले, दुसऱ्याने यादी. ही कामाची वाटणी मोलाची ठरली. परंतु संकटात वेळ किती मिळेल याचा विचार यादी लिहिणाऱ्याने आधीच केला पाहिजे, हा धडाही त्यातून मिळाला.

संकटकाळच्या या बारा पानांवर आजार वेगवेगळे आहेत, औषधे वेगवेगळी आहेत. पण जवळजवळ प्रत्येक यादीचा आरंभ सारखाच आहे : मदतीला हाक मारा, आणि नेतृत्व कोण करणार ते ठरवा. औषधाचे नाव, मात्रा, यंत्र या सर्वांच्या आधी माणसांना बोलावणे येते. ज्याला सर्व येते अशा तज्ज्ञालाही यादी सर्वप्रथम हेच सांगते की, तू एकटा नाहीस, आणि एकटा राहूही नकोस.

६. यादी काय करू शकत नाही

येथवर वाचून कोणाला वाटेल, भिंतीवर यादी लावली की काम झाले. तसे नाही. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात १०१ रुग्णालयांत सुरक्षित शस्त्रक्रियेची यादी सक्तीने सुरू झाली. २०१४ साली त्या अनुभवाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. उत्तर प्रदेशातील १२० आरोग्यकेंद्रांत सुरक्षित प्रसूतीच्या यादीचा मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. परिचारिकांची कामाची पद्धत सुधारली, पण माता व नवजात बालकांचे मृत्यू कमी झाले नाहीत. खूण करण्यासाठी खूण केली तर यादी हा केवळ एक कागद उरतो. शिवाय 'औषध दिले का?' असे यादी विचारू शकते. कपाटात नसलेले औषध ती आणू शकत नाही.

छत्तीसगडला या सत्याची फार मोठी किंमत मोजावी लागली आहे. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूरजवळच्या पेंडारी येथे कुटुंबनियोजनाच्या शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. या आणि त्याच सुमारास जिल्ह्यात झालेल्या शिबिरांतील मिळून किमान १३ स्त्रिया दगावल्या. कारणांचा शोध घेताना औषधांच्या शुद्धतेविषयी आणि निर्जंतुकीकरणाविषयीही गंभीर प्रश्न उपस्थित झाले. एका शल्यचिकित्सकाने दिवसाला ३० हून अधिक अशा शस्त्रक्रिया करू नयेत, असा नियम त्या दिवशीही अस्तित्वात होता. तो कागदावर होता. एकतिसाव्या स्त्रीला आत नेताना 'आता थांबा' असे म्हणणारा आवाज मात्र नव्हता. १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे निर्देश दिले.

गोल बाजारातील त्या पोऱ्याची येथे आठवण होते. 'कपूर नहीं रखा' असे तो म्हणू शकला, कारण दुकानदार त्याला विचारत होता आणि त्याचे उत्तर ऐकण्यासाठी थांबत होता. यादीचे सामर्थ्य तिच्यावरील खुणांत नाही, तर या विचारण्यात आणि थांबण्यात आहे. जेथे सर्वांत कनिष्ठ परिचारिका सर्वांत ज्येष्ठ शल्यचिकित्सकाला 'थांबा' म्हणू शकते आणि तो खरोखर थांबतो, तेथे एका पानाची यादीही प्राण वाचवते. जेथे हे घडत नाही, तेथे नियमांचे जाडजूड ग्रंथही कपाटातच राहतात.

शब्दार्थ

पर्ची – सामानाची चिठ्ठी, यादी
अंतरपाट – मंगलाष्टके होईपर्यंत वधूवरांमध्ये धरतात ते वस्त्र
हेलपाटा – व्यर्थ फेरी
शल्यचिकित्सक – शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर
प्रतिजैविक – रोगजंतूंचा नाश करणारे औषध
नीला – हृदयाकडे रक्त वाहून नेणारी रक्तवाहिनी
निर्जंतुक – रोगजंतू नसलेले
कुपी – औषधाची छोटी बाटली
मात्रा – औषधाचे ठरावीक प्रमाण
आडपडदा – लपवाछपवी

भाषाभ्यास : सूचनापर लेखन

संकटकाळच्या यादीतील भाषा पाहा : 'मदतीला हाक मारा.' 'वायू बंद करा.' 'शुद्ध प्राणवायू द्या.' ही सर्व वाक्ये आज्ञार्थी आहेत. प्रत्येक वाक्यात एकच कृती आहे आणि क्रियापद शेवटी ठसठशीतपणे आले आहे. विशेषणे नाहीत, कारणे नाहीत.

याउलट शस्त्रक्रियेपूर्वीच्या यादीतील वाक्ये प्रश्नार्थी आहेत : 'प्रतिजैविक दिले का?' 'अवजारे मोजली का?' पहिल्या प्रकारात वाचायचे आणि करायचे असते. दुसऱ्या प्रकारात केलेले पडताळायचे असते. वाक्यप्रकार बदलला की यादीचे कामही बदलते, हे लक्षात घ्या.

आता पुढील वाक्य वाचा : 'शक्य झाल्यास, परिस्थिती पाहून, आवश्यक वाटल्यास प्राणवायूचा पुरवठा वाढवण्याचा विचार करण्यात यावा.' व्याकरणदृष्ट्या हे वाक्य शुद्ध आहे. पण संकटात ते निरुपयोगी आहे; कारण काय करायचे हे कळेपर्यंत वेळ निघून जाते.

आपण काय शिकलो?

• ज्ञान असूनही स्मरण दगा देऊ शकते. म्हणून जाणत्यालाही यादी हवी.
• शस्त्रक्रियेपूर्वीची यादी तयारी पडताळते. संकटकाळची यादी कृतीचा क्रम सांगते.
• संकटकाळची यादी छोटी, स्पष्ट आणि उपलब्ध वेळेत पुरी होणारी असावी.
• साधने, कौशल्य आणि एकमेकांचे ऐकण्याची वृत्ती नसेल, तर यादी निष्फळ ठरते.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची प्रत्येकी पाच ते सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गोल बाजारातील प्रसंग आणि शस्त्रक्रियागृहातील यादी यांत कोणते साम्य आहे?
(आ) क्वचित येणारे संकट हाताळणे अधिक अवघड का असते?
(इ) ऑन्टारियो आणि उत्तर प्रदेश येथील अनुभवांतून काय शिकता येते?

२. 'यादी वापरणे म्हणजे आपले अज्ञान मान्य करणे होय.' या मताशी तुम्ही सहमत आहात का? पाठातील उदाहरणांच्या आधारे सुमारे १५० शब्दांत लिहा.

३. पुढील वाक्ये कंसातील सूचनेप्रमाणे बदला.
(अ) सर्वांनी आपले नाव सांगितले का? (आज्ञार्थी करा)
(आ) रक्त राखून ठेवा. (प्रश्नार्थी करा)

४. तुमच्या घरात स्वयंपाकाच्या गॅसची गळती झाली आहे, अशी कल्पना करा. त्या वेळी वाचून कृती करता येईल अशी सहा ओळींची यादी तयार करा. पहिली ओळ कोणती असावी, याचा घरातील सर्वांशी बोलून निर्णय घ्या.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) पाठ असलेली गोष्टही नकळत निसटते, हा अनुभव आजींनी नणंदेच्या लग्नात घेतला होता. (आ) उड्डाणापूर्वी सोडावयाची कळ अडकलेलीच राहिली होती.
२. (अ) भूल देण्यापूर्वी, त्वचेला छेद देण्यापूर्वी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी. (आ) यादीमुळे चार पिशव्या रक्त आधीच तयार होते. त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत रुग्णाचे प्राण वाचले.